वडील शासकीय सेवेत

९ जानेवारी

लाटसाहेब,

आशीर्वाद तुला लहानपणापासून चालूच आहेत, ते दर पत्रात नव्यानं काय लिहायचे.

परवा तुमच्या खात्याकडून एक जाड पाकीट आलं. तू मार्चअखेर निवृत्त होणार म्हणून तुमच्या लोकांनी एक पुस्तिका काढायची ठरवली आहे. लहानपणीचा एखादा फोटो असेल तर पाठवा, अशी कुणा बाईंनी फार अदबीनं विनंती केली आहे. आपल्या लहानपणी फोटो काढायचे ते परीक्षेच्या फॉर्मला चिकटवायला. तसला एक सापडला, त्यात तू नुकताच मार खाल्ल्यासारखा दिसतोस. तोच पाठवते आहे.

पाकिटात तुझ्या कारकिर्दीचं एक पान होतं, तपासून परत करण्यासाठी. आधी तिसरा सचिव, मग दुसरा, मग पहिला. माणूस वर जातो आणि आकडा खाली येतो, हे तुमच्याच खात्यात होऊ जाणे. पुढे महावाणिज्यदूत, मग दोन देशांत राजदूत. चार भाषा येतात. टेनिसची आवड. ही कधी लागली? शेवटी ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ म्हणून एकच ओळ आहे : वडील शासकीय सेवेत.

खोटं काहीच नाही. अप्पा चौतीस वर्षं सरकारी मोटारखान्यात ड्रायव्हर होते, म्हणजे शासकीय सेवाच झाली. तरी मला हसू आलं. मी ते पान अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा मागून घेतला, बोट ठेवून स्वतः पुन्हा वाचलं आणि म्हणाले, बरोबर लिहिलंय.

आता कामाचं. अप्पा विसरतात. चहा घेतला हे विसरतात, आई जाऊन वीस वर्षं झाली हे विसरतात आणि मला विचारतात की ती अजून कशी आली नाही. मी सगळा जन्म इस्पितळात काढला, शेवटची बारा वर्षं मेट्रन होते, त्यामुळे हे कुठे जातं ते मला ठाऊक आहे. तू मार्चमध्ये मोकळा झालास की तडक इकडे ये. अकरा वर्षांत तू तीनदा येऊन गेलास आणि तिन्ही वेळा मिळून पाच दिवस राहिलास. माझा हिशेब चुकला असेल तर सांग.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

आधी नमस्कार, मग उशिराबद्दल माफी. आमची टपालाची बॅग पंधरा दिवसांतून एकदा जाते, आणि साधं टपाल इथे फोडून वाचतात, म्हणून घरची पत्रंही मी बॅगेतूनच पाठवतो. त्यामुळे तुझं रागावणं माझ्यापर्यंत तीन आठवडे शिळं होऊन पोचतं, तरी लागायचं तिथे लागतंच.

ते पान मी तपासलेलं नव्हतं. ती ओळ मी नोकरीला लागताना फॉर्ममध्ये लिहिली होती, तीच वर्षानुवर्षं उतरवली जाते आहे.

अप्पांना इथल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या पाठवतो आहे. त्यांना रोज थोडं चालव, रोज वर्तमानपत्र वाचायला लाव. तू म्हणशील, उंटावरून शेळ्या हाकतोय. म्हण.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. मला सहा महिने मुदतवाढ दिली आहे. इथे एका करारावर दोन वर्षं बोलणी चालू आहेत, सगळे धागे माझ्या हातात आहेत, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडचे फार मोठे पाहुणे येणार आहेत. नाही म्हणता आलं नाही. पाहुणे परतले की मी येतो.

अप्पा माझ्याकडे राहायला आले होते, त्याविषयी ते कधी बोलतात का? काही म्हणाले तर जसंच्या तसं लिही.

धाकटा

२६ फेब्रुवारी

लाटसाहेब,

गोळ्या मिळाल्या. त्याच गोळ्या आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

गेल्या मंगळवारी सकाळी अप्पा घरात नव्हते. दोन तास शोधलं. शेवटी मोटारखान्याच्या फाटकातून माणूस सांगायला आला. अप्पा तिथल्या बाकावर बसले होते. जुना खाकी शर्ट, बटणं वरपर्यंत लावलेली, केस पाणी लावून बसवलेले. आज कुणाकडे ड्युटी आहे ते विचारत होते. तिथली आताची पोरं भली निघाली, कुणी हसलं नाही. एकानं त्यांना सांगितलं की आज साहेबांना सुट्टी आहे. तेव्हा कुठे उठले.

मला अजून ओळखतात. पाचातले चार दिवस तरी ओळखतात. तुझं नाव काढलं की कधी चेहरा उजळतो, कधी कोण म्हणून विचारतात. तुला गोडीगुलाबीनं सांगायची वेळ गेली आहे. पाहुणे आटोपून तू येशील तेव्हा घरात अप्पा असतील, पण तुझे अप्पा असतील की नाही याची मी खात्री देत नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, आणि तू तर चार भाषांतला शहाणा.

तुझ्याकडे राहिले होते त्याविषयी विचारलं आहेस. काय बोलणार? तीन महिन्यांसाठी गेले आणि नवव्या दिवशी परत आले. हवा मानवली नाही म्हणाले. तूही मला तेच लिहिलंस. त्यानंतर तू दरवर्षी तिकीट पाठवायची भाषा करायचास आणि ते दरवर्षी नको म्हणायचे. माझा आपला समज असा की तू त्याचा राग धरलास. एवढा राजदूत मुलगा, एवढा मोठा बंगला, आणि बाप नऊ दिवसांत उठून चालता झाला, हे तुझ्या मनाला लागलं. म्हातारं माणूस, नसेल मानवली हवा. त्यापायी अकरा वर्षं रुसून बसायचं म्हणजे कमाल झाली. मोठेपण हवं तर ते आता दाखव.

ताई

२० मार्च

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुझा समज चुकला आहे, आणि तो चुकावा अशीच व्यवस्था मी आणि अप्पांनी न बोलता केली होती. हवेचा काही संबंध नव्हता. आता सांगतो. मध्ये थांबवायला तू समोर नाहीस, हेच बरं.

अप्पा आले तेव्हा मी फार खूश होतो. विमानतळावर घ्यायला माझी गाडी पाठवली होती. राजदूत स्वतः गाडीत नसला की गाडीवरचा झेंडा गवसणी घालून झाकतात. अप्पांनी उतरल्या उतरल्या ते पाहिलं आणि आमच्या ड्रायव्हरला शाबासकी दिली. दोन दिवसांत त्यांची तिथल्या सगळ्या ड्रायव्हरांशी दोस्ती झाली. भाषा येत नसताना कशी झाली ते विचारू नकोस. इंजिनाचं झाकण उघडलं की त्यांना भाषा लागत नसे.

आठव्या दिवशी बंगल्यावर मोठा समारंभ होता. दोनशे लोक. मी अप्पांसाठी बंद गळ्याचा कोट शिवून घेतला होता. तो दूतावासाच्या शिंप्याकडे टाकला, आणि त्यानं त्याच्याकडे होतं ते गडद निळं कापड वापरलं. आमच्या ड्रायव्हरांचे कपडेही त्याच कापडाचे. कोट घरी आला तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, ताई. वाटलं, कोण एवढं बघतंय.

अप्पा अर्धा तास दिवाणखान्यात उभे राहिले. मी एकदोघांशी ओळख करून दिली, मग पाहुण्यांत अडकलो. ते हळूच बाहेर अंगणात गेले, जिथे सगळे ड्रायव्हर आपापल्या गाड्यांपाशी थांबतात. तिथे त्यांना मोकळं वाटलं असणार. जन्मभर त्यांनी समारंभ बाहेरूनच पाहिले.

तिथल्या परराष्ट्र खात्याचे सर्वांत वरचे अधिकारी लवकर निघाले. मी त्यांना पायऱ्यांपर्यंत पोचवायला गेलो. त्यांचा ड्रायव्हर कुठे दिसेना. त्यांनी समोर उभ्या असलेल्या अप्पांना बोटानं खूण केली आणि गाडी आण म्हणाले. अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही. ते गेले, गाडीतच असलेल्या किल्लीनं ती चालू केली, त्या गर्दीतून एकदाही मागेपुढे न करता पायरीला आणून लावली, उतरून दार धरलं. तो माणूस खूश झाला. मला म्हणाला, तुमचा ड्रायव्हर फार शिस्तीचा आहे, किती वर्षं आहे तुमच्याकडे?

मी म्हणालो, “पुष्कळ वर्षं.”

अप्पांना तेवढं इंग्रजी येत होतं. चौतीस वर्षं साहेब लोक त्यांच्या पाठीमागे तेच बोलत होते. मला तरी इंग्रजी कुठून आलं? मागच्या सीटवर साहेबांनी टाकून दिलेली वर्तमानपत्रं ते घडी घालून घरी आणायचे, त्यातूनच ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, हवा मानवत नाही, तिकीट बघ. मी एका शब्दानं विचारलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो. त्यानंतर घरी आलो की त्यांच्यासमोर दोन दिवसांच्या वर बसवेना, म्हणून काम काढून निघायचो. दोन देशांतलं वैर मिटवायचे शब्द माझ्याकडे असतात अशी माझी ख्याती आहे. घरच्यासाठी अकरा वर्षांत एक वाक्य जुळवता आलं नाही.

हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. मला स्वतः त्यांच्यासमोर बसून माफी मागायची आहे. पाहुणे पंचवीस एप्रिलपर्यंत जातील. अठ्ठावीसला मी घरी असेन.

धाकटा

११ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुला शिव्या देत स्वयंपाक केला. तो खारट झाला. दुसऱ्या दिवशी मला रडू आलं. कुणासाठी, ते धड कळलं नाही. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे स्वतःला विचारून पाहिलं. आमच्या इस्पितळात एकदा अप्पा मला डबा द्यायला आले होते. मोठे डॉक्टर शेजारी होते, आणि मी अप्पांना “ठेवा तिथे” एवढंच म्हणाले होते. तेव्हा आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी तुझं ऐकलं नाही. पत्र वाचून दाखवलं नाही, पण विचारलं. गेल्या रविवारी सकाळी अप्पा अगदी लख्ख होते. नखं कापत बसले होते. मी सहज विचारल्यासारखं केलं की धाकट्याकडून तेव्हा तुम्ही लवकर का आलात. ताकाला जाऊन भांडं लपवायचं मला कधी जमलं नाही, त्यांना लगेच कळलं. म्हणाले, त्यानं सांगितलं वाटतं.

मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण तू तसंच मागितलं होतंस. म्हणाले, “चूक माझी होती. मी बाहेर जायला नको होतं. त्यानं बाप आहे असं सांगितलं असतं तर तो साहेब सगळ्यांसमोर शरमला असता, आणि मग त्याचं वाईट पोराच्या कामावर निघालं असतं. पोरानं बरोबर उत्तर दिलं. मी परत गेलो असतो तर पुन्हा कुठेतरी असाच गोंधळ घातला असता, म्हणून गेलो नाही.”

अकरा वर्षं, धाकट्या. तू म्हणत होतास तुझं चुकलं, ते म्हणत होते त्यांचं चुकलं, आणि दोघं मिळून मला हवेच्या गोष्टी सांगत होतात.

मी म्हटलं, तो तुमची माफी मागायला येणार आहे. तर म्हणाले, माफी कसली, त्याला म्हणावं ये. तो आला की मीच सांगेन त्याला, मनात ठेवू नको म्हणून. मग त्यांनी विचारलं, कधी येणार? मी तारीख सांगितली. दुपारी पुन्हा विचारलं. संध्याकाळी विचारलं तेव्हा कोण येणार ते त्यांना आठवत नव्हतं.

म्हणून म्हणते, अठ्ठावीसची वाट बघू नकोस. तुला तीनदा ट्रंककॉल लावला. तिन्ही वेळा तुझा सेक्रेटरी म्हणाला, साहेब बैठकीत आहेत, निरोप द्या. परक्या माणसाजवळ काय निरोप देणार? ‘बाप अजून ओळखतोय, लवकर या’ असा? हे पत्र तुझ्या त्या बॅगेच्या नादाला न लागता साध्या टपालानं टाकते आहे. फोडून वाचणाऱ्यानं वाचावं, आणि त्याला आईबाप असतील तर तुला लवकर नेऊन द्यावं.

ताई

२४ एप्रिल

ताई,

घाईत लिहितो. पाहुण्यांचा दौरा दहा दिवस पुढे गेला. माझ्या हातात काही नव्हतं, निदान तसं मी स्वतःला सांगतो आहे. आता नऊ मेला नक्की पोचतो, तिकीट हातात आहे.

अप्पांना काय सांगायचं त्याचे तीन खर्डे केले आणि फाडले. सगळे सरकारी वाटत होते. एकात तर मी ‘खेद व्यक्त करतो’ असं लिहिलं होतं. आता काहीच लिहून आणणार नाही, सुचेल ते बोलेन.

तुझं पत्र नाही. माझं वाचून तू बोलणं टाकलंस की काय, असं वाटतं. टाकलं असशील तर समोर येऊन ऐकून घेईन.

धाकटा

२७ मे

ताई,

इथे परत पोचलो. सामान बांधायला घेतलं आहे. मुदतवाढ परत केली, कारण विचारलं तेव्हा ‘कौटुंबिक’ असं लिहिलं. जूनअखेर मी कायमचा घरी येतो आहे. आतली खोली रिकामी करू नकोस, मी अप्पांच्या खोलीतच झोपेन. रात्री ते उठले तर तुला उठावं लागू नये.

तुझं अकरा एप्रिलचं पत्र मला दोन मेला मिळालं. पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं. त्या दिवशी मी पाहुण्यांना उतरवून घ्यायला विमानतळावर उभा होतो, आणि पत्र खिशात होतं. त्याच विमानतळावरून मला त्याच दिवशी निघता आलं असतं. मी निघालो नाही. सात दिवस उशिरा आलो, आणि पुढचं तू पाहिलंसच. मी दारात आलो तर अप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि दहा दिवसांत माझ्यासमोर एकदाही बसले नाहीत. मी खोलीत आलो की उभे, गेलो की बसणार. शेवटी त्यांचे पाय दुखू नयेत म्हणून मी बाहेरच्या ओसरीवर बसून राहायचो. तू आत जाऊन त्यांना दरडावायचीस, अहो, तुमचा धाकटा आहे तो, आणि ते तुला हळू आवाजात सांगायचे, साहेबांसमोर असं बोलू नये.

निघायच्या आदल्या दिवशी तू औषधं आणायला गेलीस आणि मी शेजाऱ्यांची गाडी मागून अप्पांना फिरवून आणलं. परतल्यावर तू विचारलंस, काही बोलणं झालं का. मी नाही म्हणालो. खोटं बोललो. आपल्या घरात आता आणखी एकही गोष्ट अशी राहायला नको, म्हणून लिहितो.

मी वीस वर्षांत स्वतः गाडी चालवली नव्हती. फाटकाबाहेर पडेपर्यंत दोनदा बंद पाडली. अप्पा शेजारच्या सीटवर बसले होते. आधी तयारच नव्हते, साहेबांनी चालवायची आणि आपण बसायचं हे त्यांना पटेना. मी म्हणालो, मला सराव करायचाय, तुम्ही शिकवा. मग बसले, आणि एकदम खुलले. क्लच हळू सोडा, साहेब. गाडीला घाबरू नका, ती तुम्हाला घाबरते. लहानपणी मला सायकल शिकवताना जो आवाज होता, तोच. फक्त ‘साहेब’ जास्तीचं.

तळ्याच्या रस्त्याला झाडांखाली गाडी उभी केली आणि मी बोललो. सगळं बोललो. कोट, ते कापड, पायरी, त्या माणसानं केलेली खूण, त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते, आणि मी दिलेलं उत्तर. माझे वडील होते ते आणि मी त्यांना ओळख दिली नाही, असं म्हणालो. अप्पा म्हणून हाक मारली. हात धरला. ताई, मी साठीला आलेला माणूस, त्यांच्या मांडीवर डोकं टेकवून रडलो.

मला एक क्षण वाटलं, पोचलं. मग त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, फार जपून, परक्या माणसाच्या पाठीवर फिरवतात तसा. म्हणाले, काळजी करू नका साहेब, गाडीत ऐकलेलं मी कधी गाडीबाहेर नेत नाही. चौतीस वर्षांत नेलं नाही.

मी डोळे पुसले. गाडी चालू करायला लागलो तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून थांबवलं. मग म्हणाले, “लहान तोंडी मोठा घास घेतो साहेब, पण हे मला सांगून काय उपयोग? वडिलांना सांगायला हवं. आहेत ना ते?”

मी म्हणालो, “आहेत.”

“मग जाऊन सांगा. उशीर करू नका. म्हातारं माणूस आहे, वाट बघत असेल.”

धाकटा